जिनं लिहिलं, तीच आरोपी

ठाण्यात आमचा एक वाचनकट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, ठरलेल्या पुस्तकावर दोन तास बोलायचं आणि मग पोहे खाऊन पांगायचं. एरवी पोहे येईपर्यंत पुस्तक संपलेलं असतं, विषय गुडघेदुखीवर नाहीतर सोसायटीच्या पार्किंगवर गेलेला असतो. लायोनेल श्रायव्हर यांच्या ‘वी नीड टू टॉक अबाउट केविन’च्या वेळी मात्र पोहे गार झाले. लिंबाची फोड हातात धरून माणसं भांडत राहिली आणि पिळायची विसरली.

२००३ साली आलेली ही कादंबरी. तिला २००५ मध्ये ऑरेंज पारितोषिक मिळालं, २०११ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांनी सिनेमाच पाहिला होता, हेही सांगून टाकतो. गोष्ट न्यूयॉर्कजवळची. ईवा ही आर्मेनियन वंशाची अमेरिकन बाई. तिचा प्रवासाची पुस्तकं काढण्याचा धंदा जोरात चाललेला. नवरा फ्रँकलिन दिलखुलास. तिला मूल हवंच आहे असं काही नाही, पण होतं. केविन. हा मुलगा पहिल्या दिवसापासून आईला नकोसा आणि आई त्याला नकोशी. सोळावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना तो शाळेच्या व्यायामशाळेत ठरवून बोलावलेल्या मुलांना कोंडतो आणि बाणांनी मारतो. सात विद्यार्थी, एक शिक्षिका आणि कँटीनमधला एक कामगार. तारीख ८ एप्रिल १९९९. अमेरिकेतल्या कोलंबाईन शाळेतला खरा गोळीबार झाला त्याच महिन्याच्या २० तारखेला. आपण बारा दिवस आधी असूनही बातम्यांत भाव कोलंबाईनच खाऊन गेलं, याचा कादंबरीतल्या केविनला राग आहे.

सगळी कादंबरी म्हणजे ईवानं नंतर नवऱ्याला लिहिलेली पत्रं. शेवटी कळतं की त्याच दिवशी, शाळेत जाण्याआधी, केविननं घरी बापाला आणि धाकट्या बहिणीलाही मारलेलं आहे. म्हणजे पत्रं मेलेल्या माणसाला चालली आहेत. (पुस्तक येऊन वीस वर्षं उलटली, तेव्हा रहस्य फोडल्याचं पाप मी बिनदिक्कत डोक्यावर घेतो.)

या पुस्तकाचे वाचक जगभर दोन तटांत विभागले गेले आणि आमच्या कट्ट्यावरही तेच झालं. गंमत अशी की दोन्ही तटांसाठी मराठीत म्हणी तयार आहेत. एक तट म्हणतो, खाण तशी माती. बाईला मूल नकोच होतं, तिनं त्याला कधी जीव लावला नाही, पोर वैराण वाढलं आणि वैरी झालं. दुसरा म्हणतो, सूर्यापोटी शनैश्वर. काही पोरं जन्मतःच तशी असतात, आई बिचारी काय करणार! आमच्याकडच्या एक बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, पहिल्या तटाच्या. तेहतीस वर्षं वर्गात काढलेल्या. त्या म्हणाल्या, “मी पालकांना बघून मूल सांगू शकते.” दुसऱ्या तटाचं नेतृत्व एका बालरोगतज्ज्ञांकडे आपोआप गेलं, कारण ते डॉक्टर. त्यांचं म्हणणं, बाई, तुमच्याकडे मूल पाच वर्षांचं होऊन येतं, माझ्याकडे पाच मिनिटांचं येतं, आणि पाचव्या मिनिटालाही दोन मुलं सारखी नसतात.

ऐकायला हे भांडण मोठं, पण दोघांच्या पोटातली इच्छा एकच आहे: आपल्या घरी हे होणार नाही याची हमी मिळावी. आई वाईट म्हणून मुलगा बिघडला असेल, तर आपण चांगल्या आया आहोत, प्रश्न मिटला. मुलगाच राक्षस असेल, तर राक्षस लाखात एक जन्मतो, तोही अमेरिकेत. प्रश्न पुन्हा मिटला. कादंबरी मिटवू देत नाही, म्हणून माणसं चिडतात.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. खाण तशी मातीवाल्यांना मी त्या दिवशी एकच विचारलं: ईवा वाईट आई होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

ईवानं. दुसऱ्या कोणीही नाही. बाळ छातीशी दिल्यावर आपल्याला काही म्हणजे काहीच वाटलं नाही, हे तिनंच लिहिलं. सहा वर्षांचा होऊनही हा मुलगा लंगोट सोडत नाही, बदललेला लंगोट लगेच मुद्दाम भरवतो, एके दिवशी तिचा तोल जातो, ती त्याला उचलून फेकते आणि त्याचा हात मोडतो, हेही तिनंच लिहिलं. ही गोष्ट फक्त तिला आणि केविनला ठाऊक होती. केविननं बापाला सांगितलं की मी पडलो. म्हणजे पोरानं झाकलेलं आईनं उघडं केलं. जिला स्वतःची सुटका करून घ्यायची असेल, ती बाई हे पान लिहीलच कशाला? तिच्याविरुद्धचा एकूण एक पुरावा तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. आणि त्या कबुलीबद्दल वाचक तिला काय देतो, तर शिक्षा.

यावर हुशार वाचकाचा आक्षेप असतो की ईवा भरवशाची साक्षीदार नाही. सगळं घडून गेल्यावर ती मागे वळून बघते आहे, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या रडण्यातही तिला कट दिसतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दिवसाचं बाळ वैरानं दूध नाकारत नसतं. पण मग भरवसा नाही तर कशावरच नको. बाळाबद्दलचं तिचं म्हणणं खोटं आणि स्वतःबद्दलचं तेवढं खरं, असा सोयीचा चाळणीचा हिशेब कसा चालेल? आपण तेच करतो. आई मुलाबद्दल वाईट बोलली तर तिचा भ्रम, स्वतःबद्दल वाईट बोलली तर कबुलीजबाब.

मराठी वाचकाची इथे एक खास अडचण आहे. आपली आई साने गुरुजींनी घडवली. ‘श्यामची आई’ गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि तेव्हापासून आई म्हटलं की डोळे भरून येण्याची आपल्याला सवय लागली. वाईट सवय नाही ती. पण हे ध्यानात घ्या की ती गोष्ट श्याम सांगतो, आई नव्हे. पोहायला जात नाही म्हणून आईनं श्यामला शिंपटीनं झोडपलं, हा प्रसंग आपण लहानपणी वाचला आणि त्यात आपल्याला मायाच दिसली. कारण सांगणारा मुलगा आहे, त्यानं ते वळ प्रेमाच्या खात्यात जमा केलेले आहेत. तोच प्रसंग यशोदाबाईंनी स्वतः लिहिला असता, ‘आज मला त्याचा असा संताप आला की हात थांबेना’ असा, तर आपण तो कसा वाचला असता? आईची गोष्ट मुलानं सांगितली की ती थोर होते. आईनं सांगितली की तपासणी सुरू होते. कुपुत्र निपजेल पण कुमाता नाही, हे संस्कृतात पाठ करणारा समाज आईला देव्हाऱ्यात बसवतो ते तिनं बोलू नये म्हणूनच की काय, अशी मला आताशा शंका येते.

तशी बोली भाषेत मुभा आहे. कार्टं, मेल्या, मागच्या जन्मीचं वैर साधतोय, असं घराघरातल्या आया दिवसातून चारदा म्हणतात आणि कोणी दचकत नाही. पण तीच बाई शांतपणे, आवाज न चढवता म्हणाली की मला या मुलाजवळ काही वाटत नाही, तर घरात सन्नाटा. डोनल्ड विनिकॉट हा इंग्लंडमधला बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९४९ च्या एका निबंधात त्यानं आईला आपल्या बाळाचा द्वेष वाटण्याची अठरा कारणं ओळीनं दिली आहेत. बिघडलेल्या आईची नव्हेत, साध्या नेहमीच्या आईची. त्याचं म्हणणं, हा द्वेष वाटूनही त्यावर कृती न करता वाट बघत राहणं हीच आईची कमाल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे २० टक्के बायकांना मानसिक त्रास होतो, मुख्यतः नैराश्य. पाचात एक. आपल्याकडे त्याला ‘बाहेरचं काही लागलं असेल’ म्हणतात आणि मीठमोहऱ्या ओवाळतात.

सिनेमात एक दृश्य आहे, ते मी विसरू शकत नाही. बाळ थांबायचं नाव न घेता रडतंय. ईवा बाबागाडी ढकलत रस्त्यावर येते आणि जिथे ड्रिलनं रस्ता फोडण्याचं काम चाललंय तिथे मुद्दाम थांबते. त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात बाळाचं रडणं बुडतं आणि तिच्या चेहऱ्यावर शांती येते. कट्ट्यावर एकजण म्हणाले, बघा, कसली आई! मला विचाराल तर ते दृश्य पाहून ज्या बाईला खुदकन हसू आलं नाही, तिनं मूल वाढवलेलं नाही. किंवा तिच्याकडे बारा महिने बाई कामाला होती.

आता फ्रँकलिन. दोन तासांच्या चर्चेत त्याच्या वाट्याला पाच मिनिटं आली आणि तीही गोड. बाप निदान मुलावर विश्वास तरी ठेवत होता, असं प्रशस्तिपत्र त्याला मिळालं. हे बोललो मीच. पुढे त्याबद्दल सांगतो.

जरा फ्रँकलिनचं घरातलं वागणं पाहा. दाई टिकत नाही, तर दाईचा दोष. शाळेतून तक्रार आली, तर शाळेचा दोष. धाकटी सीलिया, पाच-सहा वर्षांची भाबडी पोर. मोरी साफ करायच्या रसायनानं तिचा डोळा जातो. ईवाला केविनचा संशय येतो. फ्रँकलिनला बाटली बाहेर ठेवणारी ईवा दोषी वाटते. धनुष्यबाणाची हौसही पुरवतो तो बापच, कौतुकानं. त्याच्या समोर केविन वेगळा मुलगा असतो, ‘हो बाबा, मस्त बाबा’ करणारा, आणि हे सोंग आहे असं बायको वर्षानुवर्षं सांगत असते. तो ऐकत नाही. शेवटी त्याला घटस्फोट हवा असतो, मुलापासून नव्हे, बायकोपासून. म्हणजे ईवावर अविश्वास दाखवणारा पहिला वाचक आपण नव्हे. तो मान फ्रँकलिनचा. आणि त्यानं एक ओळही लिहिलेली नाही, म्हणून तो निर्दोष सुटतो. आपल्या घरांतही हाच कायदा आहे. डायरीवर सही आई करते, पालकसभेला आई बसते, आणि मुलगा बिघडला तर साहजिकच जिची सही आहे तिला धरतात.

ही आईला धरण्याची खोड फक्त वाचकांची नाही, शास्त्रज्ञांचीही होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणत. आई थंड, म्हणून मूल मिटलं. १९४३ मध्ये या अवस्थेचं पहिलं नेमकं वर्णन करणाऱ्या लिओ कॅनर यांनीही आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं होतं; ब्रूनो बेटलहाइम यांनी तर १९६७ च्या पुस्तकात यावरच इमला उभा केला. ते चूक निघालं. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी चक्क कोर्टाची भाषा वापरली आणि मी तुम्हाला दोषमुक्त करतो असं सांगितलं. मधल्या पंचवीसेक वर्षांत किती बायकांनी स्वतःला जाळत ठेवलं असेल याचा हिशेब कोण देणार? केविनला स्वमग्नता नाही, त्याचा आणि या मुलांचा काडीचा संबंध नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. सारखी आहे ती फक्त बोट दाखवण्याची सवय.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे डॉक्टर जोडपं वेगळ्याच वाटेनं चाललं होतं. १९५६ पासून त्यांनी शंभरावर मुलं तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाहिली. त्यांना दिसलं की सुमारे १० टक्के बाळं जन्मतः अवघड असतात: झोपेला वेळ नाही, भुकेला वेळ नाही, नव्या गोष्टीला आधी आकांत. पण अशी सगळी मुलं पुढे बिघडत नाहीत आणि सोपी सगळी सुधारलेली राहत नाहीत. मुलाचा पिंड आणि घराची अपेक्षा यांची जुळणी कशी होते, यावर बरंच ठरतं. आपण नवरा-बायकोचे छत्तीस गुण जुळवतो. आई आणि मुलाची पत्रिका कोणी जुळवत नाही, ते दोघं आयुष्यभरासाठी एकमेकांना मिळतात ते न बघता. बाईंची खाण आणि डॉक्टरांचा शनी या दोन्हींपेक्षा मला हे अधिक खरं वाटतं, फक्त यात शिक्षा द्यायला कोणी सापडत नाही.

मग आईबापांची जबाबदारी काहीच नाही का? आहे, आणि कडक आहे. पण ती कृतीची. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ ला पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना गोळ्या घालून मारलं. चारच दिवस आधी बापानं ते पिस्तूल विकत आणलं होतं. त्या सकाळी मुलानं काढलेलं भयंकर चित्र दाखवायला शाळेनं आईबापांना बोलावलं होतं. ते त्याला घरी न नेता परत गेले. २०२४ मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधाखाली दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. हा निकाल मला पटतो. पिस्तूल कोणी आणलं, कुलूप होतं का, मुलाला घरी का नेलं नाही, हे विचारता येतं. पण त्या खटल्यात आईचा घोड्यांचा शौक, तिचे बाहेरचे संबंध, तिचे मोबाइलवरचे संदेश हेही बाहेर आलं आणि लोकांनी चवीनं चघळलं ते हेच.

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यावरून देश पेटला. तेव्हाही कट्ट्याकट्ट्यावर पहिला प्रश्न होता, आईबापांनी काय संस्कार केले? २०१९ पासून मोटार वाहन कायदा त्याहून सरळ प्रश्न विचारतो. अल्पवयीन मुलानं गाडीनं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडी त्याच्या हातात गेली कशी? संस्काराचं मोजमाप नाही, किल्लीचं आहे.

आणि माया मोजायचीच तर कोलंबाईनकडे बघा. तिथे गोळ्या झाडणाऱ्या दोन मुलांपैकी एकाची आई, सू क्लिबोल्ड, हिनं २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. तिनं मुलावर प्रेम केलं होतं, भरभरून. तिला काही दिसलं नाही. ईवानं प्रेम केलं नाही आणि तिला सगळं दिसत होतं. एक खरी, एक काल्पनिक, पण ‘जीव लावला असता तर’ हा मंत्र दोघींपुढेही चालत नाही.

त्या रविवारी परतताना रिक्षा मिळेना म्हणून आम्ही दोघं गोखले रोडनं चालत निघालो. बायको कट्ट्यावर गप्पच होती. मी तिला विचारलं, तू काहीच बोलली नाहीस? ती म्हणाली, “कर्कटक आठवतंय?”

आमचा मुलगा तिसरीत असताना त्यानं कंपास पेटीतलं कर्कटक पुढच्या बाकावरच्या मुलाच्या पाठीत टोचलं होतं. एकदा नव्हे, आठवडाभर, रोज थोडं थोडं, आणि त्या मुलाला दम दिला होता की सांगायचं नाही. शाळेत बायको गेली. परत आली तेव्हा मी मॅच बघत होतो. ती म्हणाली होती, मला कधीकधी त्याची भीती वाटते. आणि मी, टीव्हीवरची नजर न काढता, आठ वर्षांच्या पोराची कसली भीती, मुलं असतातच अशी, तूच त्याच्यावर सारखी डाफरतेस. पुढे तीच त्याला घेऊन समुपदेशकाकडे वर्षभर गेली, दर शनिवारी, दोन बस बदलून. मी सोडायलाही गेलो नाही. मुलगा आज सव्वीस वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो, भटकी मांजरं घरी आणतो. त्याला कर्कटक आठवतही नाही. मला सुद्धा आठवत नव्हतं, असं मी रस्त्यावर म्हणालो, आणि ते खोटं होतं.

हे तिनं कट्ट्यावर का सांगितलं नाही, ते विचारायची गरज पडली नाही. मघाशी बाई म्हणाल्याच होत्या, मी पालकांना बघून मूल सांगू शकते.

पुढच्या महिन्यात पुस्तक दुसरं होतं, पण बाई केविन सोडायला तयार नव्हत्या. कादंबरीच्या शेवटी तुरुंगातून सुटून येईल त्या दिवसासाठी ईवानं आपल्या लहानशा घरात त्याची खोली तयार ठेवली आहे. पलंगावर साधी, टिकाऊ चादर. फळीवर धनुष्यबाणवाल्या रॉबिनहूडचं पुस्तक. बाईंचा सवाल होता, ज्या पोरानं बाणांनी इतकी माणसं मारली त्याच्या खोलीत रॉबिनहूड ठेवते, ही बाई शहाणी म्हणायची का?

केविन दहा वर्षांचा असताना एकदा तापानं फणफणला होता. तेवढे थोडे दिवस त्यानं सोंग टाकलं, बापाला खोलीबाहेर घालवलं आणि आईला बिलगून तिच्याकडून ते पुस्तक वाचून घेतलं. बरा झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखा.

बायको त्या दिवशी बोलली. म्हणाली, “ठेवणारच ना बाई. तेवढेच तर दिवस होते तिच्याकडे.”